घोडीचं माप

लग्न होऊन मी मंठाळला आले तेव्हा मला दोघांची भीती वाटायची. एक सासऱ्यांची आणि दुसरी त्यांच्या घोडीची. सासरे फार कमी बोलायचे. घोडी माणूस जवळ गेलं की कान मागे पाडून बघायची. अकरा वर्षं मी तिच्यापासून चार हात लांबूनच गेले-आले. शेतात भाकरी घेऊन गेले तरी फडकं बांधावर ठेवायची, हाक मारायची आणि परत फिरायची.

सासऱ्यांना घरात सगळेच अप्पा म्हणतात, म्हणून मीही अप्पा म्हणते. त्यांचं घराणं मेंढरांचं. पावसाळा सरला की यांचं बिऱ्हाड निघायचं आणि पुढचा पाऊस पडेपर्यंत रानोरान फिरायचं. घोडीच्या पाठीवर भांडी, अंथरुणं, ज्यांना चालता येत नाही अशी कोकरं, आणि घरात तान्हं मूल असलं तर तेही. माझा नवरा कुठल्या गावच्या शिवारात रांगायला लागला ते कोणालाच आठवत नाही. पण तो ज्या घोडीच्या पाठीवर बसून फिरला ती या घोडीची आई, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं चराईची रानं कमी झाली, अप्पांचे गुडघे धरायला लागले, सासूबाई गेल्या, आणि मेंढरं विकली. थोडं शेत होतं, त्यात तूर आणि सोयाबीन व्हायला लागलं. घोडी मात्र राहिली. विकत मागायला कोणी आलं तर अप्पा म्हणायचे, "ती घरचं माणूस हाय." एवढ्यावर बोलणं संपायचं.

मी ब्लाऊज शिवते. माझं माहेर उदगीरकडचं, शिलाई तिथंच शिकले. इथं आल्यावर ओसरीत मशीन टाकली आणि हळूहळू गावातल्या बायका यायला लागल्या. नवरा बिदरला गॅरेजमध्ये कामाला आहे, शनिवारी संध्याकाळी येतो. त्यामुळे आठवडाभर घरात मी आणि अप्पा. ते शेतात, मी मशीनवर. दिवसभरात आमच्यात दहा-वीस शब्द झाले तर खूप झाले. मी डोक्यावरचा पदर सावरत ताट ठेवायची, ते जेवून उठायचे.

ही गोष्ट घडली त्या वर्षी आषाढातच झड लागली ती सुटेचना. रोज बारीक पाऊस. दुपारी थोडं उजळल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा सुरू. काळ्या रानात पाय घातला की घोट्यापर्यंत आत.

घोडीचं वय तेव्हा वीसच्या पुढं गेलेलं. तिच्यासाठी नवऱ्यानं शेतात पत्र्याचं शेड करून दिलं होतं, पण ती त्यात पाऊल टाकत नव्हती. जन्म उघड्यावर गेलेला, छप्पर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. अप्पांनी एकदा गुळाचा खडा दाखवत तिला आत नेलं, तेवढ्यात पत्र्यावर पावसाची सर वाजली आणि तिनं अशी मुसंडी मारली की दावं अप्पांच्या हातातून सुटलं आणि तळहाताची सालटी निघाली. त्यानंतर त्यांनी तिच्यापुढे शेडचं नाव काढलं नाही. इतर वर्षी सर आली की ती कडुलिंबाखाली उभी राहायची, सर गेली की अंग झटकून मोकळी व्हायची. त्या वर्षी अंग वाळायला सवडच मिळेना. तिच्या पाठीवर खपल्या धरल्या. केस झुबक्या-झुबक्यानं चिकटून आले, आणि झुबका सुटला की खाली लाल कातडं.

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. आमचं गाव कर्नाटकच्या हद्दीत, त्यामुळे ते कन्नडमध्ये बोलत होते. अप्पांना कन्नड मराठीइतकंच येतं, मला अर्धं कळतं. ते गेल्यावर अप्पा ओसरीच्या कडेला टेकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाठ कोरडी ठेवा म्हनलाय. अन् बांधून घालू नका म्हनलाय, पाय आखडत्याल. फिरू द्या म्हनलाय."

"मग कसं करायचं?" मी विचारलं.

"तेच तर."

त्यांनी आधी स्वतःची घोंगडी तिच्या पाठीवर टाकली. घोंगडी पाऊस बराच वेळ अडवते. पण दिवसभराच्या पावसापुढे तीही भिजली, पाणी पिऊन जड झाली आणि एका बाजूला घसरून चिखलात पडली. मग दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले तेव्हा मी जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. अप्पा काळी छत्री उघडून घोडीशेजारी उभे होते. छत्री सगळी तिच्या पाठीवर, आणि ते स्वतः टोपीपासून धोतरापर्यंत भिजलेले. घोडी चरत दोन पावलं पुढं गेली की तेही दोन पावलं पुढं जात होते. ती थांबली की थांबत होते. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका बघून हसल्या. अप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"अप्पा, भाकरी आणलीय," मी बांधावरून हाक मारली. "तुमी भिजायलाव की."

"ठेव तितं. ही खाऊ दे आधी."

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी ते खोकायला लागले.

शनिवारी नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो फोनवर शोधत बसला आणि थोड्या वेळानं मला चित्रं दाखवली. परदेशात घोड्यांना रेनकोट घालतात. छातीवर बकल, पोटाखालून पट्टे, शेपटीवर झाकण. घोडा पावसात मोकळा चरत असतो. असलाच एक आपल्याकडेही मागवता येत होता. त्यात माप विचारत होते. नवऱ्यानं अप्पांना विचारलं, "लांबी किती आसंल ओ तिची?" अप्पांनी हवेत दोन्ही हात पसरून दाखवले. नवऱ्यानं अंदाज केला आणि वर थोडं वाढवून घेतलं, म्हणजे आखूड व्हायला नको.

आठवड्यानं पार्सल आलं. गडद निळी झूल, आतून जाळीचं अस्तर, चकचकीत बकलं. अशी शिलाई मी हातात धरून कधी बघितली नव्हती. नवऱ्यानं आणि अप्पांनी ती घोडीला घातली, मी बांधावर उभी. लांबूनसुद्धा मला दिसत होतं की ती तिची नाही. उंच, लांबलचक घोड्यासाठी बेतलेली. आमची घोडी देशी, ठेंगणी, पोटानं गोल आणि छातीनं अरुंद. गळा एवढा मोठा की पुढचा काठ खांद्यावरून खाली ओघळला होता. खालची बाजू गुडघ्यांपर्यंत आली होती. पोटाचे पट्टे शेवटच्या छिद्रात अडकवूनही लोंबत होते.

"मोठी झाली की," अप्पा म्हणाले.

"व्हईल सवय," नवरा म्हणाला आणि संध्याकाळच्या बसनं बिदरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीनं चरायला मान खाली घातली, तशी सगळी झूल पुढं सरकली. पुढचा पाय लोंबणाऱ्या पट्ट्यात अडकला. ती उधळली. झूल तिच्या पोटाखाली फिरली, आता पळेल तितकी ती पायात येत होती. मी बांधावरच होते. सोयाबीनमधून ती पळतेय, पंच्याहत्तरी गाठलेले अप्पा तिच्यामागे धावतायत आणि एकच आवाज काढतायत, मेंढरांना थोपवायचा, लांब आणि मऊ. पुढं बांधाला ठेचकाळून ती दोन्ही गुडघ्यांवर पडली. अप्पा पोचले, तिच्या मानेवर आडवे झाले, कमरेचा विळा काढला आणि पट्टे कापले. झूल मधोमध फाटली. घोडी उठून उभी राहिली तेव्हा तिचं सगळं अंग थरथरत होतं.

मी जवळ गेले नाही. त्याची लाज मला नंतर खूप दिवस वाटली.

घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "आता काय बी घालू नका तिला. तिनं काय मागितलं हुतं का?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छत्री घेऊन गेले, खोकत.

ती फाटकी झूल मी घरी आणली होती. चिखल धुऊन दोरीवर वाळत टाकली. दुपारी हातात काम नव्हतं म्हणून ती ओसरीवर पसरली आणि एका कडेनं उसवायला बसले. कोणाचा चांगला शिवलेला ब्लाऊज हाती आला तर मी उलटा करून बघते, शिंप्यानं टक कुठं घेतलेत, मुंडा कसा खोललाय. तसंच. उसवता उसवता लक्षात आलं की यात मला न कळण्यासारखं काही नाही. खांद्यावर फुगीर जागा सोडलेली, मागं कुल्ल्यांवर दोन टक, शेपटीच्या मुळाशी घडी. शिवणारा हुशार होता. फक्त ज्याच्यासाठी शिवलं तो घोडा दुसरा होता. आमच्या घोडीचं माप आम्ही घेतलंच नव्हतं. एखाद्या बाईनं दारातून सांगावं की मी साधारण एवढी आहे, आणि मी ब्लाऊज कापायला घ्यावा, असा प्रकार.

मी टेप गळ्यात टाकला, वही घेतली आणि डोक्यावर पोतं पांघरून शेतात गेले. या वेळी बांधावर थांबले नाही.

अप्पांनी मला येताना बघितलं. "कामून आलीस? भाकरी तर दिलीस मघाशी."

"माप घ्यायचंय," मी म्हणाले. आवाज माझाच मला वेगळा वाटला. "घोडीचं."

छत्रीवर पाऊस वाजत होता. मला वाटलं आता परत जा म्हणतील.

"अप्पा, ती झूल वाईट नव्हती. माप चुकलं. मी नीट माप घिऊन शिवते. न्हाई जमलं तर पुन्हा नाव काढनार न्हाई."

"तुला भ्या वाटतंय तिचं," ते म्हणाले.

"व्हय."

"अकरा वर्सं बघायलोय मी." त्यांनी छत्री मिटली आणि एका हातानं घोडीच्या तोंडाची मोरकी धरली. "आदी हात हुंगू दे तिला. समोरून यिऊ नगं, खांद्याकडनं ये. अन् टेप दाखव. काय हाय ते कळू दे."

मी हात पुढं केला. घोडीनं नाकपुड्या फुगवून श्वास घेतला. गरम वाफ माझ्या बोटांवर आली. टेपचं टोक तिनं ओठांनी चाचपलं आणि सोडून दिलं.

पहिलं माप छातीच्या मधोमधपासून खांद्यावरून मागं, शेपटीच्या मुळापर्यंत. माझा हात पाठीला लागला की तिचं कातडं माशी बसल्यासारखं थरारायचं आणि मी हात काढून घ्यायची. अप्पा म्हणाले, "हात उचलू नगं. ठेवलास तर ठेव. उचल-ठेव केलं की तिला कळत न्हाई तू काय करायलीस." मग मी हात ठेवला. हळूहळू थरार थांबला.

मी आकडे सांगत होते आणि वहीत लिहीत होते, अप्पा आपणहून बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मान संपते तिथं खांद्यावर जो उंचवटा असतो, तिथं बोट ठेवून म्हणाले, "हितं काय बी टेकू दिऊ नगंस. हिच्या आईला हितंच जखम झाली हुती. ओझं नीट बांधलं नव्हतं म्या. सहा महिने चिघळली. आमी तशीच चालवली तिला, थांबायला जागा न्हवती." त्यांनी घोडीची मान थोपटली. "तिनं कदी बसकण मारली न्हाई."

मी त्या जागी वहीत गोल केला.

मग त्यांनी घोडीला चरायला सोडलं आणि म्हणाले, "आता पुन्हा घे. मान खाली असताना." मी घेतलं. त्याच दोन जागांमधलं अंतर चार बोटं वाढलं होतं. निळी झूल का सरकली ते तिथं कळलं. दोन्ही खांद्यांचं वेगवेगळं माप घेतलं तर डावा उजव्यापेक्षा भरलेला निघाला.

"दोन्ही बाजू सारख्या न्हाईत," मी म्हणाले.

"मग खराब हाय का माप?"

"न्हाई ओ. कुनाच्याच नसत्यात. बायकांचं बी आसंच आसतं."

अप्पा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले.

आता कापड. घरात ताडपत्री होती, पण डॉक्टर म्हणाले होते की आत ओल धरेल असं काही नको, आणि प्लास्टिकच्या आत घाम सुटणारच. पाऊस जरा उघडला तसे मी आणि अप्पा बस बदलत बिदरला गेलो. तिथं नौबाद भागात टेम्पोचे हूड शिवणारं एक दुकान नवऱ्याला माहीत होतं. दुकानात एक म्हातारे चाचा बसले होते. काय हवंय ते ऐकून ते हसले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. त्यांच्या वडिलांचा टांगा होता म्हणे.

"प्लास्टिकवाला नक्को लेओ अम्मा," ते म्हणाले, "अंदर पसीना छूटता. जानवर को हवा होना." आणि मागच्या फळीवरून त्यांनी एक जुना तागा काढला. सुती कॅनव्हास, मेणाचा हात दिलेला, मातीच्या रंगाचा, जाडीला बेताचा.

अप्पांनी कापडाचं टोक तोंडाला लावलं आणि जोरात फुंकर मारली. दुसऱ्या बाजूला हात धरून बघितलं, वारा लागतोय का. मग चाचांकडून तांब्याभर पाणी मागून कापडाच्या खोळीत ओतलं आणि दोघे म्हातारे खोळीखाली वाकून बघत बसले. थेंब पडला नाही. चाचांनी त्याच कापडाचा, पन्हा मोठा असलेला तागा निवडून दिला. "पीठ पे सिलाई नक्को आना," ते मला म्हणाले. "सुई का छेद म्हंजे पानी का दरवाजा." हे मला आधीच सुचलं होतं, पण मी मान हलवली.

आधी जुन्या चादरीची कच्ची झूल शिवली आणि घोडीला घालून बघितली. अप्पा तिला चालवायचे, वळवायचे, मान खाली घालायला लावायचे. मी टाचण्या लावायची, खडूनं खुणा करायची. तीनदा उसवली. चौथ्यांदा गळा बसला. काठ खांद्याच्या उंचवट्यापुढं एक वीत आणि दोन्ही बाजूंना माझा पंजा सहज जाईल एवढा सैल. मगच कॅनव्हासला कात्री लावली.

जाड सुई लावूनही माझी मशीन चार दिवस कुरकुरत होती. पाठीवर एकही शिलाई येऊ दिली नाही, सगळे जोड बाजूला घेतले आणि त्यांच्यावरून आतून सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन फिरवलं. ओसरीभर तो वास. निळ्या झुलीची बकलं आणि पट्टे कामाला आले. खांद्यांना आतून अस्तर लावलं, सॅटिनचं, म्हणजे चालताना केस घासायला नकोत. एका बाईच्या लग्नाच्या ब्लाऊजमधलं उरलेलं गुलाबी सॅटिन होतं. अप्पांनी ते बघितलं आणि म्हणाले, "गुलाबी?"

"आतून हाय अप्पा. कुनाला दिसनार न्हाई."

"तिला ठाव राहील की," ते म्हणाले. चेष्टा करत होते हे कळायला मला थोडा वेळ लागला.

घातली त्या दिवशी सकाळपासून भुरभुर होती. पोटाचे पट्टे अप्पांनी बांधले आणि आत तळहात घालून बघितला. मागच्या मांड्यांचे दोन पट्टे मी एकमेकांतून ओवून घेतले, तिच्या मागच्या पायांजवळ वाकून. तेव्हा आपण भितोय हे आठवायलाही सवड नव्हती. घोडीनं मान वळवून स्वतःची कूस हुंगली. चार पावलं चालली. अंग झटकलं. मग गुडघे मोडून खाली बसली आणि चिखलात लोळायला लागली. या कुशीवरून त्या कुशीवर, चारही पाय आभाळाकडे. चार दिवसांचं काम चिखलात बघून मी तिला उठवायला पुढं झाले.

"लोळू दे," अप्पा म्हणाले. "लोळली म्हंजे पटलं तिला."

ती उठली, पुन्हा एकदा झटकली, आणि झूल जिथल्या तिथं बसली. गळा गळ्याच्या जागी, शेपटीचं झाकण शेपटीवर. ती चरायला लागली. त्या दिवशी अप्पा दुपारीच घरी आले, छत्री ओसरीत टेकवली आणि भाकरी खाऊन घोंगडी पांघरून झोपले. झडीला सुरुवात झाल्यापासून ते दिवसा पहिल्यांदाच झोपलेले मी बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बोलवायला आले. "चल," म्हणाले. अजून पाऊस होता. घोडीजवळ गेल्यावर त्यांनी झुलीच्या गळ्याकडे बोट केलं. "हात घाल आत."

मी हात घातला. खांद्यावरून पुढं, पाठीकडे, कोपरापर्यंत. बाहेर माझ्या मनगटावर गार पाणी पडत होतं. आत सगळं कोरडं होतं आणि उबदार, तव्यावरून काढून फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखं. हाताखाली तिचा श्वास लागत होता. मी हात लवकर काढला नाही. घोडीही हलली नाही. अप्पा पलीकडे बघत उभे होते.

"वाळलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

सगळं तिथंच सुरळीत झालं असं नाही. आठवड्यानं डाव्या खांद्यावर केस घासलेले अप्पांना दिसले, तेव्हा मी तेवढा भाग उसवून बोटभर सैल केला. ऊन पडलं की झूल काढायची, खरारा करायचा, झूल लिंबाला वाळत घालायची, पाऊस आला की पुन्हा. रोज एकदा हात घालून बघायचं. हे सगळं अप्पा न चुकता करायचे आणि दुपारी मी जायची. पोळा झाला तोवर खपल्या गळून बारीक नवे केस आले होते, आधीच्यापेक्षा जरा गडद. अप्पांचा खोकलाही गेला.

त्याच हिवाळ्यात एक दिवस अप्पांनी आपली जुनी बंडी आणून माझ्या मशीनवर ठेवली. सुनेनं सासऱ्याचं माप घ्यायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून त्यांनी बंडीच आणली होती. म्हणाले, "ह्या मापानं एक शिव. अन् खांद्यात जरा सोड. म्या काय बोललो न्हाई आजवर, पर तो बाजारातला शिंपी लई आवळून शिवतोय." कापड त्यांनी काखेतच आणलं होतं. त्यांच्या बंड्या तेव्हापासून मीच शिवते.

घोडीनं ती झूल आणखी दोन पावसाळे वापरली. दर वर्षी आषाढ लागायच्या आधी मी नव्यानं माप घ्यायची. पहिल्या वर्षी पोटाचं माप थोडं उतरलं. मी दोन्ही बाजूंनी टक घेतले. दुसऱ्या वर्षी सगळीच मापं उतरली. पाठीचा कणा वर आला होता, कुल्ल्यांचे खळगे खोल झाले होते. आकडे मोठ्यानं वाचले नाहीत, नुसते वहीत लिहिले. अप्पा आयाळीतून बोटं फिरवत होते.

"किती कमी झालं?" त्यांनी विचारलं.

"थोडंच."

"बरं," ते म्हणाले. त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं, आणि मी थोडंच म्हणाले हे त्यांना बरं वाटलं असावं.

त्या वर्षी पाठीच्या कण्याला झूल टोचू नये म्हणून मी आतून जुन्या घोंगडीची पट्टी लावून दिली. पाऊसकाळ तिनं नीट काढला. माघात, तूर निघाल्यावर, भर उन्हात ती लिंबाखाली बसली आणि मग आडवी झाली. अप्पांनी मला बोलावणं पाठवलं. मी पोचले तेव्हा ते तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी दुसऱ्या बाजूला बसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच, उचलला नाही. दुपार कलायच्या आत ती गेली. शेतातच खड्डा घेतला. झूल तिच्यावर घालायची का, मी विचारलं. अप्पा म्हणाले, "नगं. कापड चांगलं हाय." पण नंतर महिनाभर त्या झुलीला त्यांनी हात लावला नाही, मीही नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी औरादकडचा एक माणूस घर विचारत आला. वरातीसाठी त्याच्याकडे एक तरणी घोडी होती, पांढरी, आणि पावसाचं पाणी पाठीवर मुरून तिलाही तसल्याच खपल्या धरत होत्या. नौबादच्या चाचांनी त्याला आमचं गाव सांगितलं होतं. त्यानं ऐकलं होतं की मंठाळला एक म्हातारा घोड्यांच्या झुली करून देतो. तो ओसरीत अप्पांपुढे बसला आणि घोडीची लांबी हात पसरून दाखवायला लागला.

अप्पांनी त्याचे हात खाली करवले.

"आसं न्हाई चालत," ते म्हणाले. "घोडीला घिऊन या, न्हाईतर आमी येतो. अन् मला काय सांगू नका. ही आमची सून. माप हीच घेती."

मी मशीनवरून उठले, खुंटीवरचा टेप घेतला, आणि त्याला विचारलं की घोडी मान खाली घालून खाते का तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातून.